सहावं फुलपात्र

बातमी मला कुणी दिली नाही, ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. सकाळचे सव्वादहा झाले असतील. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, थंडीतलं ऊन त्याच सुमारास गॅलरीच्या कठड्यावर येतं आणि घमेल्यातली ऑफिसटाइमची फुलं तेव्हाच उघडतात. त्या दिवशीही उघडली होती. मी पेजेची वाटी घेऊन कुंदावहिनीच्या खोलीत गेले, "वहिनी, उठा, दोन घास घ्या," म्हणून खांद्याला हात लावला, आणि तशीच वाटी घेऊन बाहेर आले. आता सांगताना विचित्र वाटतं, पण पहिली अडचण मला पडली ती वाटी कुठे ठेवायची याची. तिच्या दारापुढच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडं. वाटीपुरतीसुद्धा जागा तिनं मोकळी सोडली नव्हती. मग वाटी हातात धरूनच मी तिच्या मुलाला, संदीपला, बदलापूरला फोन लावला. एका हातात पेज, एका हातात फोन... पेज कधी गार झाली ते कळलं नाही.

याला आता दीड महिना होईल. तोंडावर मी तिला जन्मभर 'अहो वहिनी' म्हणत आले, पण लिहिताना 'त्या' लिहिलं की ती कुणीतरी परकी बाई वाटायला लागते, म्हणून इथे 'ती'च लिहिते. तिला चाललं असतं. जे चालायचं नाही ते ती तिथल्या तिथे सांगून टाकायची. आणि लिहायला बसले ते तिचे गोडवे गायला नाही. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिला एक फुलपात्र पाणी जास्त पिऊ दिलं. डॉक्टरांनी दिवसाला पाच सांगितली होती, ते सहावं होतं. हे मी संदीपला अजून सांगितलेलं नाही, घरी ह्यांनाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. जास्त पाणी घालून जीव घेण्यात माझा हातखंडा आहे, हे आमच्या मजल्यावर कुणालाही विचारा.

मी मूळची गिरगावातली, फणसवाडीतली. आमच्याकडे फुलं पुडीत यायची. रोज सकाळी फुलवाला दाराच्या कडीला पानात बांधलेली पुडी अडकवून जायचा, आई ती देवापुढे सोडायची, झालं. फूल झाडाला येतं हे मला बहुतेक शाळेत कळलं असावं. लग्न होऊन डिलाईल रोडला आले तेव्हा सासूबाईंची तुळस गॅलरीत डोलत होती, हिरवीगार, माझ्या कमरेएवढी. "सून आली, आता मी सुटले," म्हणत त्यांनी ती मोठ्या विश्वासानं माझ्याकडे सोपवली. महिन्याभरात तुळस गेली. मी काही कमी केलं नव्हतं हो. ऑफिसला जाताना पाणी, आल्यावर पाणी, झोपायच्या आधी आणखी एक तांब्या. पानं पिवळी पडायला लागली तशी मी घाबरून आणखी घालायला लागले. सासूबाई वाईट नव्हत्या हे आधीच सांगते. वाळलेली काटकी उपटता उपटता त्या सहज बोलून गेल्या, "हिच्या हाताला काही लागत नाही." बोलल्या आणि विसरल्या. मी विसरले नाही.

पुढची दोन-तीन वर्षं मी ते वाक्य खोटं पाडायच्या मागे होते. दादरहून गुलाब आणला, मग शेवंती, मग मोगरा. आणायचे तेव्हा झाड कळ्यांनी लगडलेलं असायचं, पंधरा दिवसांनी नुसत्या काड्या. त्याच दिवसांत मला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलायला नको म्हणून मुद्दाम गप्प राहिल्या असतील, पण वाक्य तर आधीच बोलून झालं होतं. आता ते मीच मला ऐकवायला लागले.

कुंदावहिनी आमच्यापासून तिसऱ्या दारात. कुंदा परब. माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला, मग गेला. ती साड्यांना फॉल लावून द्यायची. अर्ध्या परळच्या साड्या तिच्या मांडीवरून गेल्या असतील. तिचा कठडा म्हणजे आमच्या मजल्याची शान, पण बाग म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तेलाचे तीन डबे, एक फुटकं घमेलं, हँडल गेलेला कुकर आणि संदीपची शाळेतली पत्र्याची पेटी, एवढी सहा भांडी. त्यात सदाफुली, ऑफिसटाइम, गुलबक्षी आणि गजांवर चढलेली निळी गोकर्ण. गुलाब नाही, मोगरा नाही. "गुलाब म्हणजे जावय गो," ती म्हणायची. "कितीव करा, तोंड वाकडा ता वाकडाच." तिचं स्वतःचं नाव कुंदा, पण कुंदाचं झाडही तिनं कधी लावलं नाही. विचारलं तर म्हणाली, "एक कुंदा सांभाळूक होणा नाय, आनी दुसरी कित्याक?" लोकांना वाटायचं, हिच्या हातात जादू आहे. जादू कसली, झाडांच्या बाबतीत बाई मुलखाची आळशी होती. "माका येळ खंय आसा?" म्हणत तीन-तीन दिवस ती त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही, आणि झाडं जणू तिच्या धाकानं फुलायची.

तिच्या दाराबाहेर खिळ्याला एक छोटी कात्री नाडीनं लटकवलेली असायची, दोरे कापायची असते तशी. ती बाहेर कशाला, हे मला कळायला वेळ लागला. मी पडले फणसवाडीच्या वळणाची. एकदा तिच्याकडे जाऊन नीट, अदबीनं विचारलं, "वहिनी, सदाफुलीची एक फांदी द्याल का?" तिनं सुईतून मान वर न करता सांगितलं, "नाय." मी ओशाळले. मला वाटलं, माझ्या हातचं काही जगत नाही हे हिलाही कळलंय, म्हणून देत नाही. तरी दोन दिवसांनी रव्याचे लाडू करून नेले, म्हटलं आता तरी विरघळेल. तिनं लाडू ठेवून घेतले, चांगले झालेत म्हणाली, आणि फांदी दिली नाही. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. मग एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरची एक बाई आली, खिळ्यावरची कात्री काढली, आणि वहिनी हातातली साडी बाजूला ठेवून उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कचकन आवाज आला. बाई पदराखाली काहीतरी झाकून निघून गेली. वहिनी वळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी काय बघूक नाय हां," जणू चोर मीच.

तिच्या गावाकडचा समज असा, की मागून नेलेलं झाड रुजत नाही, चोरून नेलेलंच रुजतं. असं पुष्कळ ठिकाणी मानत असतील, पण चोराला कात्री पुरवून वर पाठ फिरवून उभी राहणारी मालकीण मी दुसरी बघितली नाही. मागायचं नाही, द्यायचं नाही, आभार तर मुळीच मानायचे नाहीत. मी मात्र मागितलं होतं, आणि लाच म्हणून लाडूही नेले होते. "मागलंस थंयच मेला ता झाड," असं तिनं मला पुढे कितीदा तरी चिडवलं.

कळलं तरी चोरी करायचा धीर मला झाला नाही. वर्षभर तरी गेलं असेल. मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यातच... हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा गॅलरीत मोगऱ्याची कुंडी तशीच होती, काडी काळी पडलेली, मातीवर पांढरी बुरशी. मी तिच्यापाशी उभी राहून रडले. दुपारची वेळ, मजल्यावर सामसूम. वहिनी अर्धवट फॉल लावलेली साडी खांद्यावर टाकून आली आणि आधी मला ओरडलीच. "झाडाक सारखा सारखा काय इचारतंस? पाणी पिलंस काय, जेवलंस काय... बुडवून मारलंस तू तेका." मी म्हटलं, "माझ्या हाताला काही लागत नाही वहिनी. काहीच लागत नाही." मी कशाबद्दल बोलतेय ते तिला कळलं होतं, चाळीत असं काही लपून राहत नाही. मग तिनं माझे दोन्ही हात धरले, बाजारात भेंडी बघून घ्यावी तसे उलटसुलट करून बघितले. "तुझो हात वायट नाय गो," ती म्हणाली, "तुझो जीव भित्रो." एवढं बोलून ती आपल्या दारात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ राहिली. मला काही उमगेना. शेवटी मागे न वळता म्हणाली, "आटप गो. माझे पाय दुखतत."

ती माझी पहिली चोरी. घाबरून एकाच्या जागी दोन फांद्या कापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ती स्टीलचं एक फुलपात्र घेऊन माझ्या दारात हजर, काठाला पोचा आलेलं, आणि माझा तांब्या तिनं जप्त केला. "एका डब्याक एक फुलपात्र. ता पण बोट घालून." म्हणजे पाणी घालायच्या आधी मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. माती ओली लागली तर गुपचूप घरात जायचं, अगदी कोरडी लागली तरच फुलपात्र. तिचं सगळं शास्त्र एवढंच. सदाफुलीला ऊन पाहिजे, लाड नकोत. ऑफिसटाइमची कांडी मोडून मातीत खोचली की तिला विसरून जायचं. गुलबक्षी वाळली तर हळहळायचं नाही, कंद खाली जिवंत असतो, आणि तिची काळ्या मिऱ्यासारखी बी कुठेही पडली तरी उगवते. डब्याला खालून भोकं मात्र हवीत, साचून राहिलेलं पाणी कुणालाच सोसत नाही. 'फुलपात्र' या शब्दात फूल कशाला, असा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. तिनं तो न विचारताच सोडवून टाकला. "फुलांका घालूचा म्हणान फुलपात्र," असं ती ठासून सांगायची. खरं काय ते जाणकारांना माहीत, मी तिचं खरं मानते.

सगळ्यात अवघड होतं ते न घालणं. ऑफिसात फायली उपसताना मनात यायचं, सुकली असेल, गेली असेल. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी बोट घालून बघायचे. ओलीच असायची. हात आवरून घरात जायचे आणि चहा करताना पुन्हा बाहेर डोकवायचे. कधीकधी वहिनी तिच्या दारातून नुसती खाकरायची, की मी आत. दीड महिन्यानं सदाफुलीला फूल आलं. एकच, गुलाबी, मध्ये गडद ठिपका. मी धावत जाऊन तिला ओढून आणलं. तिनं फुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माका काय ठावक नाय. चोरीचो माल तो." पण जाताना डोळे पुसत गेली, ते मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पूजेला माझ्या सदाफुलीची फुलं घेऊ लागल्या. वाक्य त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतलं नाही, फुलं मात्र रोज घेतली. मला तेवढं पुरलं.

आम्हाला मूल झालं नाही. सांगायचं ते इतकंच. बाकी वर्षं गेली तशी गेली. मजल्यावरच्या प्रत्येक कठड्यावर हळूहळू वहिनीचीच झाडं दिसायला लागली, सगळा चोरीचा माल. समोर गिरणीच्या जागी काचेची उंच इमारत आली, तिच्या भिंतीवर उभी बाग लावली, नळ्यांतून आपोआप पाणी. तिथली पानं पुसायला माणसं दोराला लटकायची. वहिनी फॉल लावता लावता बघत बसायची. "पाना पुसतत मेले," ती म्हणायची. "आमी आमची तोंडा पुसूक येळ नाय." संध्याकाळी चारनंतर गुलबक्षी उघडायची, माझ्या निवृत्तीनंतर आमचा दुपारचा चहा त्याच सुमाराला होऊ लागला. ती मला घड्याळ बघू द्यायची नाही. "गुलबास उघडली? मग चाय ठेव."

दीड वर्षापूर्वी तिच्या पायांना सूज यायला लागली. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय, डॉक्टर म्हणाले. पाणी मोजून द्यायचं. मी माप विचारलं तर त्यांनी हातानं दाखवलं, एवढी पाच फुलपात्रं, चहा त्यातच. संदीपनं बदलापूरला नेण्याचा खूप आग्रह केला, त्यात खोट नव्हती. पण ती हलली नाही, तो दर रविवारी यायचा. बाकी दिवस माझे. कुणी मला नेमलं नव्हतं, तिसरंच दार ते. तिनं मला दिलेलं पोचा आलेलं फुलपात्र मी घरातून काढून तिच्या उशाशी स्टुलावर नेऊन ठेवलं, कारण माप मला त्याचंच माहीत. ते बघून ती हसत सुटली. मग जीभ बाहेर काढून म्हणाली, "बोट घालून बघ गो. सुकलंय काय मी?" मी पण हसले. तेव्हा हसणं परवडत होतं.

नंतर परवडेना. तिची तहान बघवत नव्हती. ओठ सुकलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. मी ओल्या फडक्यानं ओठ टिपायचे, खडीसाखर द्यायचे, गोष्टी सांगायचे. "जल्मभर झाडांका तानलेली ठेवलंय," ती एकदा म्हणाली, "तेंचो शाप गो ह्यो." मी म्हटलं, "काहीतरीच काय, ती फुलतायत की." जन्मभर जास्त पाणी घालणारी मी, आणि आता मला जमत होतं ते नाही म्हणणं, तेही जिनं ते मला शिकवलं, तिलाच. आणि मी ते चोख करत होते. एका थेंबाची सूट नाही. कारण मला भीती होती, ती कशाची ते वर सांगितलंच आहे.

त्या दुपारी पाचही संपली होती. तीन वाजले होते, म्हणजे उद्या सकाळपर्यंत काही नाही. ती म्हणाली, "अर्धा दी." मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "नीलू, अर्धा." मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांनी सांगितलंय ना. संदीपला काय तोंड दाखवू?" ती बराच वेळ छताकडे बघत पडून राहिली. मग हळूच मान वळवली. चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण ते आजाऱ्याचं नव्हतं. "जरा थंय तोंड कर," ती म्हणाली.

मला एका क्षणात कळलं. झाकण घातलेला तांब्या स्टुलावरच होता, शेजारी फुलपात्र, तिचा हात जेमतेम पोचेल इतक्या अंतरावर. तांब्या उचलून बाजूला ठेवायला मला काय लागत होतं? मी ठेवला नाही. "आटप गो," ती म्हणाली, "माझे हात दुखतत." मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. समोर कॅलेंडर होतं, त्यावर तिनं डॉक्टरांच्या तारखांना गोल केलेले. मागे झाकण सरकल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, आणि बऱ्याच वेळानं स्टुलावर फुलपात्र टेकवल्याचा, टक्. मी वळले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. "मी काय बघूक नाय," मी म्हटलं. एरवी माझं मालवणी ऐकून ती खो खो हसायची. तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले.

दाखला द्यायला आलेले डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा मी आडून विचारलं, थोडं पाणी जास्त झालं असेल तर... ते म्हणाले, "एवढ्यातेवढ्या पाण्यानं काही होत नाही ताई. त्यांचं हृदयच थकलं होतं." मला पटलं, आणि काडीचा उपयोग झाला नाही. कान एकच आवाज ऐकत राहिले, टक्. हिच्या हाताला काही लागत नाही... सासूबाई जाऊन वर्षं झाली, पण इतक्या वर्षांनी ते वाक्य पुन्हा घरात येऊन बसलं. तेराव्यानंतर संदीपनं खोलीला कुलूप लावलं. जाताना माझे हात धरून म्हणाला, "काकी, झाडं तुम्ही बघा हां. आईनंतर तुमच्याच हातची." मी हो म्हटलं. आणि गेले नाही. तिच्या झाडांना पाणी नाही, माझ्याही झाडांना नाही. फुलपात्र धुऊन फडताळात सगळ्यात मागे ठेवलं. गोकर्णीची पानं गळाली, गुलबक्षी वाळून आडवी झाली. घरी ह्यांनी दोनदा विचारलं, मी घालू का पाणी. मी म्हटलं, कुणीच हात लावायचा नाही. मग त्यांना सहाव्या फुलपात्राचं सांगावं लागलं. ते ऐकून घेत बसले, आणि मग उठून त्यांनीच चहा केला.

तेवीस-चोवीस दिवस झाले असतील. सकाळची वेळ, मी दारात तांदूळ निवडत बसले होते. समोर पूजा येऊन उभी राहिली. ही टोकाच्या खोलीतली नवी सून, दिवाळीच्या आधी लग्न होऊन आलेली, मॉलमध्ये कुठेतरी कामाला जाते. तिच्या हातात वहिनीची कात्री होती, नाडीसकट. कुलूप लागलं तरी ती कात्री बाहेर खिळ्यावरच होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"काकी, एक विचारू?" ती म्हणाली, आणि स्वतःच जीभ चावली. "नाही, विचारायचं नसतं ना."

ती भडाभडा बोलायला लागली. "माझी दोन रोपं मेली ना काकी. ऑनलाइन मागवलेली, एवढी भारी. सासू बोलते तुला नाही जमणार, सोड. तर परबआजी बोलल्या होत्या, मागू नको, चोरून ने, मी पाठ करते. मी नेणारच होते, मग त्यांनी अंथरूणच धरलं. आता तिकडचं नेऊ शकते मी, पण तिकडे कोणीच नाही ना. मग ती चोरी कशी होणार? पाठ फिरवायला कोणीतरी पाहिजे." मग माझ्या सदाफुलीकडे बघत जरा घाबरत म्हणाली, "तुम्ही फिरवाल?"

पाठ फिरवायची... शेवटची फिरवली होती ती कशासाठी, हे या पोरीला काय माहीत. नाही म्हणणार होते. तिला म्हणणार होते, घे बाई अशीच, ने हवी तेवढी. पण अशी दिली तर ती रुजणार नाही, आणि मग ही तिसऱ्यांदा तोंड पाडून बसेल, आणि तिची सासू काय म्हणेल ते मला पाठ होतं. मी तांदळाचं ताट खाली ठेवलं, भिंतीचा आधार घेत उठले आणि भिंतीकडे तोंड केलं. रंगाचे पोपडे आलेत तिथे, ते बघत राहिले. पूजा काही करेना. "आटप गं," मी म्हटलं. "माझे पाय दुखतात."

कचकन आवाज आला. आणि त्या पाठोपाठ ती हसली. मोठ्यानं नाही, चोरी साधल्यावर तोंडातल्या तोंडात फुटतं तसं, दाबलेलं. त्या हसण्यानं मी जागच्या जागी खिळले, कारण तसंच हसू मी आधी ऐकलं होतं. त्या दुपारी. पाणी ओतल्याच्या आणि फुलपात्र टेकवल्याच्या मध्ये तो जो बराच वेळ गेला होता, त्यात वहिनी गटागटा प्यायली होती, मग तिनं लांब श्वास सोडला होता, आणि मग ती हसली होती. अश्शी. घसा ओला झालेल्या माणसासारखी. मी ते ऐकलं होतं. ऐकून भिंतीकडे तोंड करून मीसुद्धा हसले होते. तेवीस दिवस मला फक्त तो टक् आवाज आठवत होता, हे आठवलंच नव्हतं.

"मी काय बघूक नाय," मी भिंतीला म्हटलं. पूजा पळत आपल्या खोलीकडे गेली, आभार न मानता. शिकवलेलं बरोबर लक्षात होतं पोरीच्या.

मी फडताळातून फुलपात्र काढलं, बादली भरली आणि तिसऱ्या दारापुढे गेले. कात्री पूजानं जागेवर अडकवली होती, अजून हलत होती. पहिल्या डब्यात बोट घातलं, मग पाणी. दुसऱ्यात घातलं, तिसऱ्यात घातलं. घमेल्यात ऑफिसटाइम उघडलेली होती, तिला काही पडलेलीच नव्हती, तरी तिला घातलं. कुकरमधली गुलबक्षी वर नुसती वाळकी काडी, खाली कंद असेल म्हणून तिलाही दिलं. राहिली संदीपची पेटी, त्यात सदाफुली, सगळी पानं खाली मान घातलेली. ते सहावं होतं. माझा हात थांबला. मग मी मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडी होती, वहिनी. अगदी कोरडी. मी पाणी दिलं.